सहा सज्जनांचा काढा

डिचोलीच्या आमच्या पतसंस्थेचं शटर
ऑक्टोबरात अर्ध्यावर आलं आणि तिथेच अडकलं.
त्याच आठवड्यात माझी भूक गेली.
कुठे गेली, सांगता येत नाही.
जमेला नाही, खर्चालाही नाही.

सकाळी पदेराचा भोंपू वाजतो,
सासूबाई चार उंडे घेतात. माझा
संध्याकाळपर्यंत दगड होतो.
तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण,
त्याचा वास नाकापर्यंत येतो
आणि काउंटरवरच्या माणसासारखा उभाच राहतो.
आज नाही, पुढच्या आठवड्यात बघू.
हे वाक्य मी दिवसभर लोकांना सांगते.
पोट ऐकून ऐकून शिकलं असणार.

दीर रोहिदास बोटीवर, इंजिनात.
कोबेहून त्याने पुड्या आणल्या, चंदेरी, बोटभर लांब,
वर चित्रांसारखी अक्षरं.
तिथल्या औषधवाल्या बाईला खुणांनी सांगितलं म्हणे:
हात डोक्यावर, मग पोटावर,
मग ताट बाजूला सरकवल्याचा अभिनय.
ती म्हणाली, रिक्कुन्शितो.
सहा सज्जनांचा काढा.

मी हसले, बऱ्याच दिवसांनी.
आमच्या संचालक मंडळातही सहाच सज्जन.
एक बांबोळीला, छातीत दुखतं म्हणून दाखल,
दोन मुलांकडे पुण्याला,
तिघांचे फोन बंद.

खात्री असावी म्हणून पुडी मुकुंद वैद्यांना दाखवली.
त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले,
हजेरी घ्यावी तशी नावं घेतली:
ज्येष्ठमध. संत्र्याची साल, जुनी, नीट वाळवलेली.
आलं. बोर.
मग थांबले.
बाकीचे परके आहेत, म्हणाले, पण घरंदाज वाटतात.
रात्री रोहिदासने कागद वाचून दाखवला:
जिनसेंग, पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी,
आणखी दोन कंद, त्यांना आपल्याकडे नाव नाही.
मी बोटांवर मोजले. आठ भरले.
हिशेब जुळला नाही की मला झोप येत नाही.
सहा म्हणता, मग हे दोन कोण?
आलं आणि बोर, तो म्हणाला.
ती नुसती सोबतीला. नावात धरत नाहीत.

म्हणजे मी आणि शिपाई बाबुसो.
शटर उघडणारे, शिव्या खाणारे.
त्या महिन्यात खाल्लं ते तेवढंच.

जेवणाआधी, रिकाम्या पोटी, कोमट पाण्यातून.
चव अशी, की ओल्या लाकडाच्या कपाटात
कुणी आलेपाक विसरून गेलंय.
नऊ दिवस काही नाही.

दहाव्या दिवशी ठेवीदारांची सभा.
देवळाच्या मंडपात दोनशे माणसं,
समोर मांडलेल्या सहा खुर्च्या, रिकाम्या.
मी आकडे वाचत होते. एक आकडा कुणाच्या छपराच्या नळ्यांचा,
एक कुणाच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा.
शेवटची बेरीज वाचली
आणि मंडप असा गप्प झाला
की पंख्याची कुरकुर ऐकू यावी.
तेवढ्यात माझं पोट वाजलं.
माइकमधून.

लांबलचक, निर्लज्ज,
कोरड्या रहाटासारखं.

कुणी हसेना.
पहिल्या रांगेत आवडूबाय,
बुधवारच्या बाजारात अबोलीचे वळेसर विकते,
एकावन्न हजार अडकलेले.
दोन महिने तिने मला नावाने हाक मारली नव्हती.
ती उठली. वाटलं, आता चप्पल.
ती म्हणाली,
"पोट तरी खरें उलयलें."
आणि खाली बसली.

घरी शिताची पेज होती, चेपणीतली तोरां होती.
एक वाटी. मग अर्धी.
पुड्यांनी झालं, की लाज संपल्यामुळे,
वैद्य सांगत नाहीत. मीही विचारत नाही.
अजून अकरा उरल्यात.

आवडूबायचे एकावन्न हजार येणे बाकी.
रोज वहीच्या पहिल्या ओळीत मी ते लिहिते.
मग डबा उघडते.